जाळी साफ करायला कोण उतरणार?

धुळे, १२ ऑगस्ट २०२५

ती. मामांना नमस्कार,

फोनवर सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "बोललेलं वाऱ्यावर जातं पोरी, कागदावर दे." चेअरमन झाल्यापासून कागदाशिवाय तुमच्या घशाखाली घास उतरत नाही, असं मामी सांगतेच. घ्या कागद.

तापीमाई पाणीपुरवठा संस्थेने मागच्या वर्षी पंपावर नवा कंट्रोलर बसवला, तो तुम्ही मला राखीपौर्णिमेला मोठ्या कौतुकाने दाखवलात. जेवणाच्या डब्याएवढं खोकं, आणि पाच गावांचं पाणी त्याच्या तालावर चालतं. मी इथे एमआयडीसीत असलेच खोके दुरुस्त करते, म्हणून त्याचा मॉडेल नंबर आणि इंटरनेटवरचा पत्ता लिहून आणला होता. मामा, हे खोकं फार भोळं आहे. पंप चालू कर असं कुणीही सांगितलं की ते करतं, कोण सांगतंय ते विचारत नाही. स्क्रीनवर पासवर्ड लागतो, पण तो नुसता स्क्रीनपुरता. आत सिमकार्ड आहे, त्या वाटेने आलेल्याला कुणी हटकत नाही. मोबाईलवर एक फुकटचं ॲप आणि खोक्याचा पत्ता, एवढ्यावर काम भागतं. मी इथे चहा पिता पिता तुमच्या टाकीत किती पाणी आहे ते पाहिलं. खोकं बनवणाऱ्यांनीच सूचना काढली आहे की दोष हार्डवेअरमध्येच आहे, दुरुस्त व्हायचा नाही, इंटरनेटपासून तोडून ठेवा.

मला पाण्याची काळजी नाही, हितेंद्रची आहे. माझा भाऊ दर आठवड्याला नदीकाठच्या विहिरीत उतरतो आणि पंपाच्या तोंडाची जाळी हाताने साफ करतो. उतरण्याआधी स्क्रीनवर 'बंद' दाबतो, तेवढंच. तो खाली असताना कुणी पंप चालू केला तर पाण्याबरोबर त्याचा हातही जाळीत ओढला जाईल. आई गेल्यावर तुम्हीच त्याला कामाला लावलंत, म्हणून तुम्हालाच सांगते. दोनच कामं करा. सिमकार्ड काढा. आणि मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायची सोय करा, जो खाली उतरेल त्याच्याच खिशात किल्ली.

खोक्याचा पत्ता खाली लिहिला आहे, बसवणाऱ्याला कळवताना लागेल. पत्र कुणाला दाखवू नका.

तुमची कामिनी


धामणखेडे, ता. अमळनेर, २० ऑगस्ट २०२५

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आवक नंबर टाकून फायलीला लावलं. त्याआधी रविवारच्या वार्षिक सभेत मी ते उभं राहून मोठ्याने वाचलं. 'कुणाला दाखवू नका' हे वाक्यसुद्धा वाचलं, कारण सभासदांपासून काही लपवायचं नाही हे आपलं धोरण. चेअरमन आबाची भाची धुळ्यात चहा पिता पिता आपल्या टाकीतलं पाणी पाहते, हे ऐकून काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! तुझ्या आईची फार आठवण आली. पोरीने नाव काढलं.

आमचे विरोधी संचालक रतिलाल गप्प बसणारे नव्हेत. म्हणाले, चेअरमनची भाची पाहते, मग सभासदांनी का पाहू नये? मुद्दा बिनतोड होता. मी तुझं पत्र सूचना फलकावर लावलं. पत्त्याचे आकडे बारीक पडले होते, ते शाळेच्या गुरुजींकडून ठळक अक्षरात लिहून घेतले. तुझ्या मामेभावाचं, भूपेंद्रचं, अमळनेरला मोबाईलचं दुकान आहेच. त्याने येईल त्याच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं. पैसे घेतले नाहीत, समाजकार्य म्हणून केलं.

पासवर्डचंही मिटलं. आजवर तो एकट्या हितेंद्रला माहीत होता. रतिलाल म्हणाले, गुपित आहे म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून नवा पासवर्ड सभेनेच ठरवला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. 'जय तापीमाई' असा आहे. पंपघराच्या भिंतीवर ऑईलपेंटने लिहिला, कुणाची तक्रार नको.

कुलपाचं म्हणशील तर सभेला ते पटलं नाही. कुलूप म्हणजे अविश्वास, आणि सहकार विश्वासावर चालतो. हितेंद्र मजेत आहे. तुझ्या मामीच्या हातचं खातो, अंगाने भरला आहे.

तुझा मामा, अभिमन


धुळे, २९ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

कप्पाळ माझं! मी तुम्हाला सांगितलं की घराच्या मागच्या दाराला कडी नाही, तर तुम्ही गावात दवंडी पिटून आलात आणि वर दारापर्यंत बाणही काढून ठेवलात. तो पासवर्ड भिंतीवर लिहा नाहीतर देवळाच्या कळसावर लिहा, मला त्याचं काही नाही, कारण खोकं पासवर्ड विचारतच नाही! पण आधी ही गोष्ट कोपऱ्यात बसलेल्या एखाद्यालाच माहीत असती. आता पाच गावांतल्या प्रत्येक रिकामटेकड्याच्या खिशात माझ्या भावाच्या पंपाचं बटण आहे.

हात जोडते. सिमकार्ड नखाएवढं असतं. ते काढायला सभा लागत नाही. कुलूप अमळनेरच्या बाजारात मिळतं. मी पाठवते हवं तर. आशीर्वाद नकोत, एवढं करा.

कामिनी


धामणखेडे, ८ सप्टेंबर २०२५

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

रागावू नको. तुझ्या सूचनेची संस्थेने गंभीर दखल घेतली आहे. सुरक्षा कडक केली.

पहिली गोष्ट, पुना नावाचा माणूस रखवालदार म्हणून नेमला. काठी घेऊन खोक्यासमोर खुर्ची टाकून बसतो. खोक्याच्या जवळ जाणाऱ्याला नाव विचारतो, हितेंद्रलासुद्धा. दुसरी गोष्ट, पंपघरावर आणि विहिरीवर कॅमेरे बसवले. वेगळं सिमकार्ड घ्यायचं म्हणजे खर्च, म्हणून भूपेंद्रने ते खोक्याच्याच सिमवर आणि त्याच ॲपमध्ये जोडले. आता सभासद घरबसल्या पंपही पाहतात आणि पुनाही पाहतात. तो डुलक्या घेतो अशा तक्रारी आल्या आहेत. तिसरी गोष्ट, सिमकार्ड काढायचा विषय मांडला, पण सभासद ऐकेनात. लोकांना नाद लागलाय गं. म्हातारी माणसं जेवण झालं की टाकीची पातळी पाहून मगच आडवी होतात.

एक बरं झालं, पंप अलीकडे फार उदार झाला आहे. टाकी भरली तरी चालूच राहतो आणि पाणी वरून वाहतं. टाकीखाली रतिलालांचं कपाशीचं रान आहे. यंदा त्यांची कपाशी काय तरारली आहे! पाण्याला कुणाचं नशीब कळतं म्हणतात ते खोटं नाही.

हितेंद्रला जरासं खरचटलं. जाळीचा पत्रा लागला, हळद भरली. तो तुला सांगणार नाही, मीच त्याला सांगितलंय की ताईच्या जिवाला घोर लावू नको.

तुझा मामा, अभिमन


धुळे, १५ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

हितेंद्र काल आला होता. जेवायला बसला तरी उजवा हात खिशातून काढेना. डाव्या हाताने जेवतोस होय रे, म्हणून मी मनगट धरून बाहेर ओढला. दोन बोटांची नखं नाहीत. जाळीचा पत्रा लागला म्हणे! पत्रा नखं उपटतो का, मामा?

मी त्याला दरडावलं तेव्हा बोलला. स्क्रीनवर 'बंद' दाबून तो खाली उतरला होता. हात जाळीत होता आणि पंप सुरू झाला. तेवढ्यात गावची लाईट गेली म्हणून हात सुटला. ज्या भारनियमनाला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्याला काल देव्हाऱ्यापाशी उभं राहून हात जोडले. तुम्ही लिहिता पंप उदार झालाय. टाकीखाली कुणाचं रान आहे आणि बटण कोण दाबतंय, हे तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?

मी त्याला म्हटलं, जाऊ नको परत. तर म्हणतो, "ताई, मामांचे उपकार आहेत." मामा, उपकाराची फेड पोरगा बोटांनी करतोय. कुलूप लावा, नाहीतर मी त्याला घेऊन येईन.

कामिनी


धामणखेडे, २५ सप्टेंबर २०२५

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन घास कमी जेवलो. पण चेअरमनला भावनेत वाहून जाता येत नाही. रतिलालांच्याच अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने पंपघराला भेट दिली, पुनाचा जबाब घेतला. रखवालीच्या काळात एकही अनोळखी इसम खोक्याजवळ आला नाही, असा अहवाल दिला. म्हणजे खोक्यात दोष नाही. बसवणाऱ्या कंपनीचा माणूसही येऊन गेला. तो म्हणाला, हे मॉडेल परदेशातसुद्धा आहे. मग बोलणंच खुंटलं.

खरा प्रश्न भीतीचा आहे. तुझ्या पत्रांनी लोक बिथरलेत, हितेंद्रसुद्धा उतरताना हल्ली वर खाली पाहतो. डिसेंबरात निवडणूक आहे. ही भीती मोडायची तर पुढाऱ्याने पुढे झालं पाहिजे. म्हणून मी ठरवलंय, यंदा दसऱ्याचं सीमोल्लंघन विहिरीत. श्रमदान! दसऱ्याला मी स्वतः उतरून जाळी साफ करणार. अमळनेरहून फोटोग्राफर सांगितला आहे. ज्यांना यायला जमणार नाही ते कॅमेऱ्यावरून घरी पाहतील. तू पण धुळ्याहून पाहा.

तुझा मामा, अभिमन


धुळे, २८ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

उतरू नका. पोहणं तुम्हाला येतं, पण पंपाशी कुस्ती खेळता येत नाही. मामीची शपथ घालते. उतरायचंच असेल तर आधी मेन स्विच पाडा आणि जवळ हितेंद्रला उभं करा. फोटोत तो दिसला नाही तरी चालेल.

तुम्ही चुकता म्हणून मी भांडते. तुम्हाला काही व्हावं असं माझ्या मनात नाही हो.

कामिनी


धामणखेडे, ६ ऑक्टोबर २०२५

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप आहे. वर्तमानपत्रात आलं ते सगळं खरं नाही. 'चेअरमन विवस्त्र' असं त्यांनी छापलंय. अंगात बंडी होती.

खंडेनवमीला खोक्याला झेंडू वाहून, नारळ फोडून सगळं यथासांग केलं होतं. दसऱ्याला सकाळी सनई लावली. एरवी मी पँट वापरतो, पण फोटोसाठी धोतर नेसलो, तिथेच घात झाला. सगळ्यांसमोर स्क्रीनवर 'बंद' दाबलं, टाळ्या झाल्या, मी शिडीने खाली गेलो. मेन स्विचचं तू लिहिलं होतंस, पण तो पाडला असता तर कॅमेरे बंद पडले असते. पाच गावं फोन उघडून बसली होती. विहिरीत अंधार, म्हणून मी कुणाला नीट दिसेना. मग लोकांनी मला जवळून पाहायला, मोठं करून पाहायला, जे हाताला लागेल ते बटण दाबलं. सगळ्यांनी एकदम. पंप सुरू झाला.

कामिनी, तो आवाज खालून ऐकलास तर तुला कळेल. धोतराचा सोगा जाळीत गेला, मग कासोटा गेला, आणि मी मागे मागे ओढला जाऊ लागलो. वर सनई चालूच. पुना रखवालदार फोटोसाठी टोपी सारखी करत होता. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं तर त्यात पाणी. हितेंद्रने वरून तशीच उडी टाकली. कमरेला जलपर्णी कापायचा विळा होता, त्याने धोतर कापलं आणि मला काखेत धरून शिडीला लावलं. त्याची स्वतःची बोटं अजून बरी झालेली नाहीत, त्यांतून रक्त येत होतं. पंप मग कुणीतरी घरूनच बंद केला. पुढे दोन दिवस नळाला धोतराचे धागे येत होते. लोक गाळून पितात.

तातडीची सभा घेतली. दोन ठराव सर्वानुमते झाले. एक, हितेंद्रचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. दोन, चेअरमन व संचालक यांचा जीव संस्थेसाठी मोलाचा असल्याने यापुढे त्यांनी विहिरीत उतरू नये, जाळी साफ करण्याचं काम पूर्वीप्रमाणे हितेंद्रने करावं.

तुझा मामा, अभिमन


धुळे, १० ऑक्टोबर २०२५

ती. मामा,

तुम्ही वाचलात म्हणून मी इथल्या एकवीरादेवीला ओटी भरून आले. घरी येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं, तेव्हा दुसऱ्या ठरावावर नजर गेली. पहिल्यांदा वाटलं मीच चुकीचं वाचलं.

लाज कशी वाटली नाही हो? ज्याने तुम्हाला वर काढलं त्यालाच परत खाली पाठवायचं, आणि वर शाल घालून! ती शाल घेऊन तो विहिरीत काय करणार होता?

काल मी एसटीने येऊन त्याला घेऊन गेले. तुम्ही तालुक्याला गेला होतात. मामीने अडवलं नाही, उलट डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. हितेंद्र आता तुमच्या विहिरीत उतरणार नाही. तुम्ही कितीही ठराव करा.

कामिनी


धामणखेडे, २७ ऑक्टोबर २०२५

चि. कामिनीस अनेक आशीर्वाद. चि. हितेंद्रलाही.

दिवाळीचं कुणाकडूनच पत्र नाही. मीच लिहितो.

तू त्याला नेलंस आणि आठवड्याच्या आत जाळी तुंबली. नळ आटले. ऐन दिवाळीत बाया हंडे घेऊन आमच्या ओट्यावर. "आबा, नळले पानी कव्हय येई? उटणं काय कोरडंच लावानं का?" मी तोंड लपवून मागच्या दाराने जायचो. पारोळ्याहून एक माणूस रोजाने आणला. तो विहिरीपर्यंत आला, धोतराची बातमी त्याने वाचली होती, चहा पिऊन निघून गेला.

शेवटी सभा. रतिलाल म्हणाले, संचालकांच्या प्रत्येक घरातून एक तरुण, पाळीपाळीने. बोलून गेले आणि मग पस्तावले, पण सभेने उचलून धरलं. चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी भूपेंद्रची निघाली. दुसरी रतिलालांच्या थोरल्याची.

कामिनी, तुला खरं सांगतो, अशी सभा मी कधी पाहिली नव्हती. सगळे एकदम उठले. रतिलाल तडक पंपघरात गेले आणि सिमकार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने उपसून काढलं. भूपेंद्र मोटारसायकल काढून अमळनेरला गेला आणि सगळ्यात जाड कुलूप घेऊन आला. वायरमनने मेन स्विचला कडी बसवली. ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही, कुणाला आठवणही झाली नाही. मी पहिला चहा घेतला, दुसरा यायच्या आत तू लिहिलेली दोन्ही कामं झाली. मेन स्विच पाडला, कुलूप लागलं, तुझ्या मामीने किल्ली दोऱ्यात ओवून भूपेंद्रच्या गळ्यात बांधली आणि तो वर येईपर्यंत स्विचला पाठ लावून उभी राहिली. भूपेंद्र जाळी साफ करून वर आला. पाणी आलं. बाया खूश आहेत.

आता कसलाच धोका नाही. हितेंद्रला परत पाठव, त्याची जागा त्याच्यासाठी ठेवली आहे. भूपेंद्रला दुकान सोडून दर आठवड्याला येणं जमत नाही.

हे मी घरात बोललो तर तुझी मामी चुलीपाशी पोळी लाटत होती. लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, "सोताना पोऱ्यानी पाळी वनी तव्हय तुम्हले कुलूप याद वनं. नणंदना पोऱ्या काय परका व्हता?"

मी म्हटलं, तसं नाही गं कुंदा.

ती म्हणाली, "मग कसं?"

तेव्हापासून ती ताट वाढते आणि निघून जाते. मी पुष्कळ विचार केला, पण तिला काय सांगावं ते मला सुचत नाही. तू शिकलेली आहेस. तुला काही सुचलं तर कळव.

तुझा मामा, अभिमन